ब्रह्मदेशाचा राजा आणि मे. पुं. रेगे

या पुस्तिकेचे मूळ एका भांडणात आहे, म्हणून ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. शनिवारची संध्याकाळ, लाइट गेलेली, आणि पाऊस असा की पागोळ्यांच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. आमचे वाचनमंडळ म्हणजे सात-आठ माणसांचा घोळका. दोन निवृत्त शिक्षक, एक बँकेतले गृहस्थ, तलाठ्याची नोकरी संपवून आता हापूसच्या कलमांमागे लागलेले भाऊ, सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या एक सिस्टर, आणि अकरावी-बारावीच्या मुलांना तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेला मी. त्या दिवशी मी बर्ट्रांड रसेलचे कोडे मांडत होतो. फ्रान्समध्ये राजाच उरलेला नाही. अशा वेळी कोणी म्हणाला की फ्रान्सच्या आजच्या राजाला टक्कल आहे, तर ते खरे की खोटे? खोटे म्हणावे तर राजाच्या डोक्यावर केस आहेत असे मानावे लागते. पण डोकेच नाही तिथे केस कुठले? मी चांगला रंगात आलो होतो. भाऊ मध्येच म्हणाले, "सर, एवढ्या पावसात फ्रान्सला कशाला जाताय? आपला थिबा काय वाईट आहे?"

सगळे हसले, मीही हसलो. रात्री मात्र सालांचा हिशेब मांडला आणि हसू थांबले. रसेलचा तो लेख 'माइंड' या इंग्रजी त्रैमासिकात आला १९०५ साली. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले, १ जानेवारी १८८६ ला उरलासुरला ब्रह्मदेश खालसा केला आणि थिबा राजाला आधी मद्रासला व त्याच वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले. आज आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो तो वाडा पुरा व्हायला १९१० उजाडले. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. म्हणजे रसेल केंब्रिजच्या परंपरेत बसून नसलेल्या राजाची चिकित्सा करत होता तेव्हा राज्य नसलेला एक खराखुरा राजा आपल्या गावात समुद्राकडे बघत बसलेला होता.

पुढच्या शनिवारी फळ्यावर एकच वाक्य लिहिले. 'ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीत राहतो.' साल १९०५. खरे की खोटे?

भाऊंनी लगेच निकाल दिला. फेरफार १ जानेवारी १८८६ ला पडला, सातबारा इंग्रजांच्या नावावर झाला, तेव्हा ब्रह्मदेशाचा राजा म्हणून कोणी उरला नाही, वाक्य खोटे. रसेल नेमके हेच सांगतो, फक्त सातबाऱ्याशिवाय. त्याच्या मते या वाक्यात तीन दावे दडलेले आहेत. ब्रह्मदेशाचा राजा असलेला कोणीतरी आहे. तसा एकच आहे. आणि तो रत्नागिरीत राहतो. पहिलाच दावा कोसळला की सगळे वाक्य खोटे, आणि टकलाचे कोडेही सुटते, कारण 'खोटे' म्हणताना राजाला केस बहाल करावे लागत नाहीत. बँकेतले गृहस्थ म्हणाले, ज्या नावाचे खातेच नाही त्याची शिल्लक बरोबर की चूक, हा प्रश्नच उठत नाही. हे मत पी. एफ. स्ट्रॉसन या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९५० साली रसेलविरुद्ध मांडले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक करून दिल्यावर ते आठवडाभर खूश होते.

सिस्टर मात्र दोघांनाही मानायला तयार नव्हत्या. त्या म्हणाल्या, "चार नंबरच्या कॉटवरचे आजोबा म्हणून आम्ही ज्यांना ओळखायचो, त्यांना दोन नंबरवर हलवलं तरी आम्ही 'चार नंबरचे आजोबा'च म्हणत असू. आणि गोळी त्यांनाच मिळायची. रत्नागिरीत कोणी 'ब्रह्मदेशाचा राजा' म्हटलं तर कोण ते शेंबड्या पोराला कळत होतं. मग वाक्य खोटं कसं?"

भांडण पेटले ते इथे. ते मिटवायला काहीतरी मराठीत लिहिलेले हवे होते, आणि शोधता शोधता आम्ही मे. पुं. रेग्यांपाशी आलो.

खरे तर त्यांचे नाव आमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांखालून कित्येकदा गेलेले होते. मराठी विश्वकोशाचा कुठलाही खंड उघडा, तत्त्वज्ञानाची नोंद काढा, नोंद संपते तिथे लहान टाइपात बहुधा 'रेगे, मे. पुं.' असे दिसते. मी स्वतः त्या नोंदींवर अनेक तास पोसले आहेत. वर्गात जाण्याआधी खंड काढायचा, अनुभववाद समजून घ्यायचा आणि मुलांपुढे आपले म्हणून सांगायचे. नोंद कोणी लिहिली हे बघायची गरज वाटली नाही. या पुस्तिकेत माझा थोडासा प्रायश्चित्ताचा भाग आहे.

मेघश्याम पुंडलीक रेगे यांचा जन्म २४ जानेवारी १९२४ चा, निधन २८ डिसेंबर २००० चे. मुंबईत दादरच्या कीर्ती महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान शिकवले आणि तिथे ते प्राचार्यही झाले. 'न्यू क्वेस्ट' हे इंग्रजी नियतकालिक आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे 'नवभारत' मासिक यांचे ते संपादक होते. १९९४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी गेल्यावर विश्वकोश निर्मिती मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. चरित्र म्हणून सांगण्यासारखे एवढे पुरे. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे, त्यांना समोरासमोर पाहण्याचाही योग आला नाही, त्यामुळे आठवणी सांगण्याचा मला अधिकार नाही. आणि ज्या माणसाने आयुष्यभर शब्दांचे अर्थ निवडले त्याच्याविषयी ऐकीव किस्से सांगणे बरेही दिसत नाही.

रेगे ज्या घराण्यात वाढले त्याला विश्लेषणवादी तत्त्वज्ञान म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंब्रिजमध्ये जी. ई. मूर आणि रसेल यांनी तिथल्या चिद्वादाविरुद्ध बंड केले. विश्व एक आहे, काळ आभासरूप आहे असली भव्य वाक्ये ऐकली की हे दोघे विचारत, म्हणजे नेमके काय? (याच काळात दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा एक तरुण केंब्रिजमध्ये गणिते सोडवत होता आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाला. रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांनी पुढे बुद्धिवादाचा पुरस्कार उघडपणे केला, पण तत्त्वज्ञानातल्या त्या बंडाशी त्यांचा संबंध आला नाही. कोकणचे नशीब असे चार पावलांनी चुकते.) पुढे व्हिएन्नाच्या मंडळींनी 'म्हणजे नेमके काय?' या प्रश्नाचे हत्यार केले: जे अनुभवाने पडताळता येत नाही ते निरर्थक. ऑक्सफर्डच्या राइल, ऑस्टिन यांनी ते हत्यार म्यान करून रोजची भाषा कान देऊन ऐकायला सुरुवात केली. आपल्याकडे विश्लेषण म्हटले की लोकांना व्हिएन्नाचीच तलवार आठवते. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांचे एक पिढीभर चाललेले भांडण याच गैरसमजावर पोसलेले आहे, असे माझे मत आहे.

तसे पाहिले तर वाक्य सोडवून पाहण्याची सवय मराठीला परकी नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये वाक्यमीमांसेवर आणि वाक्यांच्या पृथक्करणावर आख्खे पुस्तक लिहिले. ते व्याकरणाचे पुस्तक म्हणून बाजूला पडले. सुधारक आगरकर सगळ्यांना हवे असतात, वाक्याचे सांधे उकलणारे आगरकर कोणालाच नको असतात. दोघे एकच होते हे कोण सांगणार?

आता भांडणाकडे येतो, कारण रेग्यांचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे काम तिथेच आहे.

१९८३ च्या जुलैत पुण्यात एक विलक्षण बैठक भरली. जयपूरचे तत्त्वज्ञ दया कृष्ण आणि रेगे हे तिचे कर्ते. एका बाजूला इंग्रजीत शिकलेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला परंपरेने न्यायशास्त्र शिकलेले पंडित. असे दोन गट एरवी एकत्र आले की प्राध्यापक विचारणार आणि पंडित माहिती पुरवणार. मग प्राध्यापक परत जाऊन इंग्रजीत निबंध लिहिणार. इथे उलटे होते. रसेलची विधानाविषयीची भूमिका आणि तिच्यातून निघणारे प्रश्न संस्कृतात उतरवून पंडितांपुढे ठेवले गेले आणि त्यांना सांगितले गेले, तपासा. परीक्षक पंडित, परीक्षार्थी रसेल. चर्चा संस्कृतात. १९९१ मध्ये 'संवाद' या नावाचा ग्रंथ त्यातून निघाला. त्याच्या संपादकांत दया कृष्ण, रेगे, रा. चं. द्विवेदी आणि मुकुंद लाठ ही नावे आहेत.

रसेलला संस्कृतात आणणे म्हणजे शब्दाला शब्द ठेवणे नव्हे. 'विधान' हाच शब्द घ्या. आपण मराठीत तो बिनधास्त वापरतो, माझ्या फळ्यावर तो तीस वर्षे होता. पण विधान म्हणजे कोणती वस्तू? वाक्य नव्हे, कारण मराठी आणि इंग्रजी वाक्ये वेगळी असून विधान एकच असू शकते. मनातला विचारही नव्हे, कारण तुमचा विचार तुमचा आणि माझा माझा, पण आपण दोघे एकाच विधानाविषयी वाद घालतो. मग शब्द, मन आणि जग यांच्याखेरीज हा चौथा पदार्थ कुठे राहतो? नैयायिकाच्या घरात त्याला खोलीच नाही. तो म्हणतो, वाक्य ऐकले की ऐकणाऱ्याला ज्ञान होते, त्याला शाब्दबोध म्हणायचे. ज्ञान कोणाला तरी होते, कशाविषयी तरी होते, त्यात एक धर्मी, म्हणजे ज्याविषयी ज्ञान होते ती वस्तू, असतो आणि त्या धर्मीवर काही प्रकार, म्हणजे विशेषण, भासतो. ज्ञान खरे किंवा खोटे असते. अधांतरी तरंगणारे, कोणाचेच नसलेले विधान कशाला हवे?

आणि नसलेल्या गोष्टी? सशाचे शिंग हे नैयायिकांचे जुने गिऱ्हाईक आहे, रसेलच्या राजाहून कित्येक शतके जुने. सशाचे शिंग नाही, असे म्हणताना आपण 'सशाचे शिंग' नावाच्या कुठल्या गूढ पदार्थाविषयी बोलत नसतो. ससा आहे, शिंग गाईला आहे; सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव आहे, एवढेच आपण म्हणतो. वाक्य वरून दिसते तसे आत नसते. रसेल आणि नैयायिक इथपर्यंत खांद्याला खांदा लावून आले आहेत. फरक पुढे आहे.

सिस्टरांच्या आजोबांना आणि आमच्या थिबाला हेच लावून पाहू. (हे उदाहरण आमचे. रेग्यांच्या माथी मारू नये.) नैयायिकांचा सिद्धांत असा की भ्रम झाला तरी धर्मीच्या बाबतीत ज्ञान चुकत नाही, चुकते ते प्रकारात. दोरीला साप म्हटले तरी समोरची 'ही' वस्तू खरीच असते. साप असणे तेवढे खोटे. १९०५ साली 'ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीत राहतो' असे म्हणणाऱ्याच्या ज्ञानात जो माणूस धर्मी आहे, तो खरा आणि त्याचे रत्नागिरीत राहणे खरे. त्याच्यावर भासलेले राजेपण तेवढे शिळे. वाक्य सबंध खोटे म्हणून फेकायचे की सबंध खरे म्हणून ठेवायचे, अशी सक्तीच इथे नाही. कुठल्या अंशात बरोबर आणि कुठल्या अंशात चूक, ते दाखवता येते. भाऊंचा फेरफार राहिला आणि सिस्टरांच्या आजोबांची गोळीही चुकली नाही.

आमच्या मंडळात यानंतर पाच मिनिटे कोणी बोलले नाही. ही आमच्याकडे फार मोठी गोष्ट आहे.

मला रेगे महत्त्वाचे वाटतात ते यासाठी. विश्लेषण हे त्यांनी दुसऱ्याला गप्प करण्याचे साधन मानले नाही. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या स्वतःच्या भाषेत, त्याच्या सर्वांत बळकट रूपात आधी उभे करायचे, मग प्रश्न विचारायचे. आपल्या शास्त्रकारांनी ज्याला पूर्वपक्ष म्हटले, तीच ही शिस्त. ती रेग्यांनी रसेलला लावली आणि परंपरेलाही लावली. त्यामुळे झाले असे की कोणाच्याच गोटात ते बसेनात.

दि. य. देशपांडे यांच्याशी त्यांचे मतभेद यासाठी मुद्दाम वाचावेत. अमरावतीचे देशपांडे हेही विश्लेषणवादी, तर्कशास्त्राचे कसलेले अध्यापक, १९९० मध्ये नागपुरातून निघालेल्या 'आजचा सुधारक'चे संस्थापक-संपादक. विवेकवादाची इतकी नितळ मांडणी मराठीत दुसऱ्या कोणी केलेली मला माहीत नाही. देशपांड्यांचा तर्क असा की पुराव्याबाहेरची श्रद्धा ठेवण्याचा कोणालाच अधिकार नाही. रेगे विचारत राहिले की धार्मिक माणूस जेव्हा काही म्हणतो तेव्हा तो पुराव्याने ठरणारी माहितीच देत असतो काय, हे आधी ठरले आहे का? एकाच शाळेत शिकलेली दोन माणसे, हत्यारे तीच, आणि निष्कर्ष दोन टोकांचे. माझे विचाराल तर गुण मी देशपांड्यांना देईन. धार्मिक भाषेला सवलत देताना रेगे जिथे थांबायला हवे तिथून दोन पावले पुढे जातात, असे मला वाटते. मंडळात यावर माझ्या बाजूने तिघे आहेत आणि विरुद्ध चौघे. त्या चौघांपैकी एकाने लिहिलेले टिपण पुस्तिकेत आहे आणि ते माझ्या टिपणापेक्षा चांगले आहे.

धर्माचा विषय रत्नागिरीत पुस्तकी राहत नाही. भागोजीशेठ कीरांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्व हिंदूंसाठी खुले झाले, तेव्हा इथल्या घराघरांतून वाद झाले. ते वाद आज वाचताना जाणवते की एकच शब्द तीन अर्थांनी फिरतो आहे. एक जण 'धर्म' म्हणतो तेव्हा त्याला शास्त्राची आज्ञा अभिप्रेत आहे, दुसऱ्याला समाजाचे धारण, तिसऱ्याला माणसाने माणसाशी कसे वागावे ते. तिघे एकमेकांना खोटे पाडतात आणि कोणीच कोणाला स्पर्श करत नाही. चिपळूणजवळच्या परशुरामचे पां. वा. काणे धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत होते तो याच काळात. पहिला खंड १९३० चा. शास्त्राची आज्ञा काळागणिक कशी बदलत गेली याचा पुरावा त्या खंडांत रचून ठेवलेला आहे. 'हिंदू धार्मिक परंपरा आणि सामाजिक परिवर्तन' या पुस्तकात रेग्यांपुढचा प्रश्न त्यानंतरचा आहे. समता मनापासून मान्य असलेल्या हिंदू माणसाने विषमतेला आधार देणाऱ्या परंपरेशी नाते कसे ठेवावे? टाकून द्यावी म्हणणे सोपे, झाकून ठेवावी म्हणणे त्याहून सोपे. रेगे दोन्ही करत नाहीत. ते परंपरेच्या आत जातात आणि तिथल्याच मूल्यांच्या नावाने तिला जाब विचारतात. मंदिराच्या पायरीवर हे पुस्तक वाचावे असे मला नेहमी वाटते, पण पायरीवर आता चपलांचा स्टँड असतो.

रेग्यांचे मराठी सोपे नाही, हे वाचकाला आधीच सांगितलेले बरे. वाक्ये लांब, पोटवाक्ये एकात एक, आणि एक विशेषणही उगाच आलेले नाही. त्यामुळे डोळा घसरला की परत वर जावे लागते. 'पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास' वाचताना आमची सरासरी तासाला चार पाने पडली. पण दोन-तीन शनिवार गेले की कान बसतो. त्यांच्या गद्यात इंग्रजीचा वास येत नाही. कांट असो की ह्यूम, तो मराठीत विचार करतो असे वाटते. आजच्या मराठी वैचारिक लेखनात किती जणांविषयी हे म्हणता येईल?

दुसरी अडचण अशी की त्यांचे बरेचसे लेखन मासिकांत विखुरलेले आहे. निधनानंतर काही संग्रह निघाले, तरी एक सलग रेगे हाती लागत नाहीत. तुकडे जोडत बसावे लागते.

या पुस्तिकेत नऊ टिपणे आहेत. ती विद्वानांनी लिहिलेली नाहीत. पहिली तीन रसेल, विधान आणि शाब्दबोध यांवर; त्यांतले तिसरे भाऊंचे असून त्यात जमीनमहसुलाचे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत. पुढची चार धर्म, इहवाद आणि न्याय यांवर. आठवे सिस्टरांचे, ते अडीच पानांचेच आहे, पण घाईत असलेल्याने तेवढे वाचले तरी चालेल. शेवटचे माझे. न्यायशास्त्राच्या परिभाषेत आमच्या हातून चुका झाल्या असणार. जाणकारांनी रागावून का होईना, पण कळवाव्यात.

एक विनंती आहे. 'नवभारत'चे रेग्यांच्या संपादनाखालचे सगळे अंक आम्हाला अजून मिळालेले नाहीत. कोणाच्या माळ्यावर, पोटमाळ्यावर, वडिलांच्या ट्रंकेत ते पडून असतील तर रद्दीत घालण्याआधी आम्हाला दाखवावेत. झेरॉक्स काढून अंक आठ दिवसांत परत करू. पावसाळ्यात आणायचे झाल्यास प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून आणावेत, एक पुरत नाही.